खिडकीतला समुद्र

दिवाळीनंतर गणपतीपुळ्याला जायचे ठरले आणि प्रश्न आला: समुद्रासमोरची खोली घ्यायची, की गावातली घरगुती, निम्म्या भाड्याची? आम्हा अमझेऱ्याच्या माणसांना मोठे पाणी म्हणजे नर्मदा. यजमानांचे म्हणणे, "दिवसभर किनाऱ्यावरच असणार, खोलीत फक्त झोपायचे." हिशोब बरोबर आहे, पण तो चालत्या पायांचा. 76 वर्षांच्या सासूबाईंनी अजून समुद्र पाहिलेला नाही, आणि वाळूत त्यांचे गुडघे साथ देणार नाहीत. त्यांच्यासाठी खिडकी हाच किनारा.

म्हणून मधला मार्ग काढला: दोन रात्री घरगुती, एक रात्र समुद्रासमोर. ती रात्र निवडताना कोकणातला जुना आडाखा कामी आला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास भरती. पौर्णिमेला मात्र त्या वेळी ओहोटी, पाणी दूर गेलेले. आम्ही अष्टमीची खोली घेतली.

तुम्हीही पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी नक्की विचारा: पलंगावर बसून समुद्र दिसतो का, आणि खोलीपर्यंत पायऱ्या किती?