स्कीइंगची तयारी गुडघ्यापासून

आपली नोकरदार मुलं-मुली आता हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघतात, याचा आनंदच आहे. पण तयारी म्हणजे जाकीट-गॉगलची खरेदी, हे मला पटत नाही. गॉगल हवाच, बर्फावरचं ऊन डोळ्यांना भाजतं. पण उतारावर अंगाचा भार पेलतात मांड्या आणि गुडघे. महिना-दीड महिना आधीपासून बैठका मारा, जिने चढा. त्याला पैसा लागत नाही.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवा. डोकं दुखून मळमळत असेल, तर गोंडोलाने आणखी वर जाऊ नका.

आणि बूट-स्की भाड्याने घेताना वजन खरं सांगा, 'मी नवशिका आहे' हेही सांगा. बूट स्कीवर धरून ठेवणारी पकड त्यावरूनच बसवतात. फुशारकीने 'येतं मला' म्हणालात, तर ती जास्त घट्ट बसते, पडताना वेळेवर सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. स्नायुबंध तुटला तर कित्येक महिने घरी. नवशिकं म्हणवून घेण्यात लाज कसली? पहिले दोन-तीन दिवस प्रशिक्षकासोबत खालच्या हलक्या उतारावरच जातील. जाऊ द्या.