कंपनी बिडकीनला, मुलाखत इंग्रजीत. आपली पोरं नेमकी कुठं अडतात?

बिडकीन आणि शेंद्र्याच्या पट्ट्यात नवे कारखाने येऊ लागलेत. जमिनी गेल्या त्या इथल्याच शेतकऱ्यांच्या. त्यांच्या पोरापोरींना तिथं काम कोणत्या दर्जाचं मिळणार, हे आता बऱ्याच अंशी पंधरा-वीस मिनिटांच्या मुलाखतीवर ठरणार आहे. आणि त्या मुलाखतीत आपल्याकडची बरीच मुलं पहिल्याच प्रश्नाला गप्प होतात.

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधून शेंद्रा-बिडकीन ही ऑरिक नगरी उभी राहिली. बिडकीनचा टप्पा 29 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. त्याआधी 31 जुलै 2024 रोजी टोयोटा किर्लोस्करनं जिल्ह्यातल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. सुमारे 20 हजार कोटींच्या गुंतवणुकीचा हा करार आहे. इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरनंही बिडकीनची निवड केली. पैठण, गंगापूर, फुलंब्री, कन्नडच्या गावांत तेव्हापासून एकच चर्चा आहे: आपल्या पोराचं काही जमंल का?

नियमाचं म्हणाल, तर स्थानिकांना नोकऱ्या देण्याचं राज्याचं धोरण जुनंच आहे. पर्यवेक्षकाच्या पदांवर किमान 50 टक्के आणि बाकी पदांवर किमान 80 टक्के स्थानिक असावेत, असं ते सांगतं. पण इथं ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. बिडकीनचा किंवा पैठणचा नव्हे. म्हणजे निलजगावच्या मुलाची स्पर्धा पुण्या-नाशिकच्या मुलाशी आहेच. धोरणाचा दाखला दाखवून मुलाखत पार होत नाही.

टिक करायचं इंग्रजी आणि बोलायचं इंग्रजी

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. आज मुलाखतीला बसणारी पिढी शाळेत बारा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेली आहे. मग अडतंय कुठं?

‘असर’च्या 2023 च्या ग्रामीण अहवालात याचं थोडं उत्तर सापडतं. 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. त्यात 57.3 टक्के मुलांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता आली, आणि वाचता आलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थही सांगता आला. म्हणजे वाचून समजणं बऱ्याच जणांना जमतं. बोलण्याची परीक्षा मात्र शाळेत कुणी नीट घेतच नाही.

पुढं स्पर्धा परीक्षा येतात. तलाठी भरतीच्या 2023 च्या परीक्षेत 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे होते. त्यासाठी पोरं समानार्थी शब्द, काळ, शब्दयोगी अव्ययं पाठ करतात. चारपैकी बरोबर पर्याय ओळखतात. पण ‘तू काल काय काम केलंस?’ याचं उत्तर तोंडानं द्यायची वेळ त्या तयारीत एकदाही येत नाही.

सरकारी भरतीत मुलाखतही कमी झालीय. केंद्रानं 1 जानेवारी 2016 पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी, एवढंच. वशिलेबाजीला आळा बसला, हे चांगलंच झालं. पण त्यामुळं ‘मुलाखत’ ही गोष्टच गावातल्या मुलाच्या आयुष्यात पहिल्यांदा येते ती खासगी कंपनीच्या दारात, आणि तीही इंग्रजीत.

2024 च्या पोलीस भरतीत 17,471 पदांसाठी 17 लाखांहून जास्त अर्ज आले होते. हिशेब साधा आहे. ज्यांची निवड होत नाही, त्यातले पुष्कळ जण तीन-चार वर्षांनी एमआयडीसीकडंच वळतात. वय वाढलेलं, बायोडाटात मोकळी वर्षं, आणि बोलायची सवय नाही.

आयटीआयवाल्याला अर्धं इंग्रजी येतंच

एक गोष्ट मात्र आपल्याकडं कुणी लक्षातच घेत नाही. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्या मुलाची कामाची भाषा आधीच निम्मी इंग्रजी असते. ड्रॉइंग, टॉलरन्स, स्पिंडल, फीड, एमसीबी, अर्थिंग, रिजेक्शन, ब्रेकडाउन हे शब्द तो रोज वापरतो. शेतातला मुलगाही पंप, स्टार्टर, व्हॉल्व्ह, ड्रिप, फिल्टर म्हणतो. वस्तूंची नावं त्याच्याकडं आहेत. नाहीत ती क्रियापदं, आणि तीही फार लागत नाहीत: चेक, फिट, चेंज, क्लीन, रिपेअर, मेजर, स्टार्ट, स्टॉप, रिपोर्ट, लर्न. ही दहा क्रियापदं भूतकाळासकट तोंडात बसली, तर स्वतःच्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलता येतं.

आपली मुलं करतात भलतंच. व्हिडिओ बघून तयार उत्तर पाठ करतात. ‘आय अ‍ॅम हार्डवर्किंग, पंक्च्युअल अँड क्विक लर्नर’ हे वाक्य समोरच्या माणसानं त्या दिवशी आधीच तीसदा ऐकलेलं असतं. त्यातून त्याला उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही. तो मधेच एखादा वेगळा प्रश्न विचारतो आणि पाठांतराची साखळी तुटते. मग मुलगा म्हणतो, इंग्रजीमुळं गेलं. खरं तर इंग्रजी बोलण्याआधीच तो फसलेला असतो, कारण सांगायला स्वतःचं असं काही त्यानं तयारच केलेलं नसतं.

तयारी कशी करायची?

पहिलं काम मराठीत करा. एका कागदावर लिहून काढा: मी केलेलं एक काम. कुठं केलं, काय बिघडलं होतं, मी काय केलं, शेवटी काय झालं. लेथवर केलेला जॉब असो, अप्रेंटिसशिपमधली मशीन असो किंवा घरची जळालेली मोटार. मग त्याची आठ-दहा छोटी इंग्रजी वाक्यं करा. एका वाक्यात एकच गोष्ट. ‘द पंप वॉज नॉट स्टार्टिंग. आय चेक्ड द स्टार्टर. वन वायर वॉज बर्न्ट. आय चेंज्ड इट.’ एवढं बोललं तरी समोरच्याला कळतं की या मुलाला दोष शोधता येतो. जड शब्द लागत नाहीत.

‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ हा प्रश्न येणारच. त्याला पाच-सहा वाक्यं पुरतात: नाव, गाव आणि तालुका, शिक्षण आणि साल, केलेलं एक काम, आणि हीच नोकरी का हवी. ‘मायसेल्फ अमुक तमुक’ऐवजी ‘माय नेम इज’ म्हणा. चुकून ‘मायसेल्फ’ गेलं तोंडातून, तरी घाबरायचं कारण नाही. तेवढ्यावरून कुणी चांगला फिटर परत पाठवत नाही. आई-वडील काय करतात, भाऊ किती, हे विचारल्याशिवाय सांगू नका.

मोकळ्या वर्षांचा प्रश्न हमखास येतो. इथं पोरं खाली मान घालतात किंवा खोटा अनुभव सांगतात. दोन्हीची गरज नाही. ‘आय प्रिपेअर्ड फॉर पोलीस रिक्रूटमेंट फॉर थ्री इयर्स. आय आल्सो वर्क्ड ऑन अवर फार्म.’ हे खरं आहे आणि सांगण्यासारखं आहे. ठिबक बसवलं असेल, फवारणीचं वेळापत्रक सांभाळलं असेल, मोंढ्यात मालाचा हिशेब केला असेल, तर ते कामच आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ग्रामपंचायतीत किंवा शाळेत काम केलेल्यांनीही ‘प्रशिक्षणार्थी होतो’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या नोंदी ठेवल्या, संगणकावर काय केलं, लोकांची कोणती कामं मार्गी लावली, ते सांगावं.

प्रश्न समजला नाही तर? बहुतेक जण नुसते हसतात किंवा ‘येस सर’ म्हणतात. त्यापेक्षा ‘सॉरी सर, प्लीज से इट अगेन’ म्हणा. उत्तर माहीत आहे पण शब्द सुचत नाहीत, तेव्हा सरळ विचारा: ‘सर, मे आय एक्स्प्लेन धिस इन मराठी ऑर हिंदी?’ बरेच जण हो म्हणतात. वाळूजच्या शॉप फ्लोअरवर मराठी आणि हिंदीच चालते, हे त्यांनाही माहीत असतं. कुणी नाही म्हटलं, तरी विचारण्यानं तुमचं काही जात नाही.

आणि हे सगळं मोठ्यानं बोलून बघा. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य तोंडातून निघत नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करा, ऐका, परत बोला. दोन मित्रांनी आळीपाळीनं प्रश्न विचारायचे. रोज अर्धा तास, पंधरा दिवस. त्यानं इंग्रजी पक्कं होणार नाही, पण स्वतःच्या कामाचं इंग्रजी तोंडात बसेल. पहिल्या नोकरीला तेवढ्याचीच गरज असते.

मुलींचं गणित आणखी अवघड

मुलाची मुलाखत गेली तर घरचे म्हणतात, पुढच्या वेळी बघू. मुलीला अशा किती वेळा मिळतात? नर्सिंग, डी. फार्म. किंवा बीसीए करून शहरात मुलाखतीला जायचं म्हणजे सोबत घरचं कुणी तरी हवं, त्याचा दिवस मोडतो, एसटीचं भाडं वेगळं. दोनदा हात हलवत परत आली की स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून मुलीनं पहिल्याच मुलाखतीला तयारीनं जाणं ही तिच्यासाठी चैन नाही. गावातल्या ज्या मुली आधी नोकरीला लागल्या आहेत, त्यांच्याशी अर्धा तास बोलून घ्यावं. काय विचारतात, कोणत्या भाषेत विचारतात, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

कंपन्यांनी आणि कॉलेजांनी काय करावं?

सगळा भार पोरांवर टाकूनही चालणार नाही. मुलाखतीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी तपासल्या जातात: काम येतं का, आणि इंग्रजी येतं का. दुसरीत अडकलेल्या मुलाची पहिली गोष्ट कुणी बघतच नाही. ज्याला व्हर्निअरचा लीस्ट काउंट माहीत आहे, रीडिंग बिनचूक घेता येतं, तोही ‘एक्स्प्लेन’ म्हटलं की गप्प बसतो आणि नापास होतो. यात नुकसान कंपनीचंही आहे.

इंग्रजीची गरजच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. क्वालिटी, मेंटेनन्स किंवा स्टोअरमध्ये मेल लिहावे लागतात, मशीनचं मॅन्युअल वाचावं लागतं, ग्राहक कंपनीच्या ऑडिटला उत्तरं द्यावी लागतात. तिथं इंग्रजी तपासायलाच हवं. पण लाइनवरच्या ऑपरेटरला अस्खलित इंग्रजी कशाला? कोणत्या पदाला किती इंग्रजी लागतं, हे कंपनीनं जाहिरातीतच लिहावं. तांत्रिक प्रश्न उमेदवाराच्या भाषेत विचारावेत. इंग्रजी वेगळं तपासावं: एक सुरक्षा सूचना वाचायला द्यावी, दोन ओळींचा मेल लिहायला सांगावा. कामात जे लागतं, तेच बघावं.

हे अशक्य नाही. देशाचे जिल्हाधिकारी निवडणाऱ्या यूपीएससीत मुलाखत मराठीतून देता येते. अभियांत्रिकीची पदवी प्रादेशिक भाषांत शिकवायला एआयसीटीईनं 2021 मध्ये परवानगी दिली. मराठीतून शिकलेला अभियंता उद्या मुलाखतीला येईल, तेव्हा त्याला इंग्रजीच्याच तराजूत तोलणार असाल, तर ती परवानगी कागदावरच राहील.

आयटीआयमध्ये एम्प्लॉयबिलिटी स्किल्स हा विषय सक्तीचा आहे आणि इंग्रजी संभाषण त्याचाच भाग आहे. तो तास प्रत्यक्षात कसा होतो, हे पालकांनी एकदा जाऊन बघावं. पुस्तकातले उतारे वहीत उतरवून घेतले की विषय संपला, असं होत असेल तर तो तास वाया गेला. वर्षातून चार वेळा प्रत्येक मुलाची दहा मिनिटांची तोंडी मुलाखत घ्या. त्याला पैसा लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही. प्राचार्यांनी ठरवलं तर पुढच्या सोमवारी सुरू होईल.

रोजगार मेळाव्यांत मंडप मोठा असतो, भाषणं लांबतात आणि मुलाखतीला पाच मिनिटं येतात. तालुक्यातल्या पुढाऱ्यांनी पुढचा मेळावा भरवताना आठ दिवस आधी तालुक्याच्या ठिकाणी सरावाच्या मुलाखती ठेवाव्यात. वाळूज-शेंद्र्यात वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेली, निवृत्त झालेली माणसं आता बऱ्याच गावांत आहेत. आतून मुलाखत कशी होते, हे त्यांना माहीत आहे. त्यांना बोलवा, पोरांसमोर बसवा. जमिनी देऊन झाल्या, त्या परत येणार नाहीत. नोकरीच्या रांगेत मात्र अजून जागा आहे, आणि तिथं उभं राहायची तयारी गावातच करता येते.