गाडी खोलण्याआधी चिठ्ठी

वाशिम, कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव, रिसोड आणि मानोरा या सहाही तालुक्यांतल्या गाडीवाल्यांना, आणि तितक्याच आपुलकीनं गॅरेजवाल्या मिस्तरींना हे पत्र.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारी शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढायच्या थोडं आधी माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा वर सरकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. टोचन करून गाडी गॅरेजला आणली. मिस्तरीनं झाकण उघडलं, नाक वाकडं केलं आणि म्हणाला, "सर, हेड खोला लागते. गॅस्केट गेलं." चार दिवस गाडी तिथंच. चौथ्या दिवशी सांजच्याला चौदा हजार सहाशे रुपये दिले. हिशेबाचा कागद म्हणाल तर सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेला एक आकडा, तोही त्यानं दाखवून परत खिशात घातला.

पंधरा दिवसांनी काटा पुन्हा वर. या वेळी अकोल्याला दाखवली. तिथल्या माणसानं इंजिन चालू ठेवून नुसतं बघत बसायला सांगितलं. रेडिएटरचा पंखाच फिरत नव्हता. फ्यूज उडालेला. नवा फ्यूज बसवला आणि काटा मधोमध येऊन थांबला, तो आजतागायत.

आता तुम्ही म्हणाल, सरांना पहिल्या मिस्तरीनं फसवलं. मीही आठ दिवस तेच म्हणत होतो. पण शांतपणे विचार केला तर खरं उत्तर असं की मला माहीत नाही. पंखा बंद पडल्यानं इंजिन तापतं, आणि तापल्यानं गॅस्केट खरंच जळतं. तेव्हा त्याचं निदान अर्धं बरोबर असू शकतं. किंवा गॅस्केट धडधाकट असेल आणि उगाच बदललं असेल. जुनं गॅस्केट मी पाहिलंच नाही, मागितलंच नाही. चौदा हजारांचं दुःख महिन्याभरात विरलं, हे न कळणं मात्र अजून टोचतं. त्या मिस्तरीच्या दारावरून जाताना मी मान वळवतो, आणि तो निर्दोष असेल तर हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

म्हणून हे आवाहन. 'मिस्तरी म्हणजे चोर' ही आपल्या पारावरची आवडती चर्चा मला पुढे न्यायची नाही. उलट आधी आपलंच माप पदरात घेऊ.

माझ्या नेहमीच्या मिस्तरीनं एकदा ब्रेकचं काम केलं. उन्हात, गाडीखाली उताणा पडून, दीड तास. मजुरी सांगितली चारशे. मी म्हणालो, "दोन बोल्ट तर कसले बापू, त्याचे चारशे?" आणि अडीचशे टेकवले. त्याच दिवशी ब्रेक शूचे त्यानं सांगितले तेवढे पैसे मात्र मी एक शब्द न बोलता दिले. आपण सगळे हेच करतो. वस्तूचे पैसे द्यायला हात सैल, हुनराचे द्यायला मूठ घट्ट. मग त्या माणसानं घर कशावर चालवायचं? तो मजुरी पार्टमध्ये काढतो. पार्ट जितके जास्त बदलले जातील तितकी चूल पेटते. साफ करून चालणारा पार्ट बदलण्याकडे, दोनशेच्या लोकल पार्टला सहाशे लावण्याकडे त्याला आपणच ढकललं आहे. जो मिस्तरी पंखा बघून फ्यूज बदलून देतो आणि निदानाचे तीनशे मागतो, त्याला आपण लुटारू म्हणतो. जो हेड खोलतो, त्याला चौदा हजार गुमान देतो.

दुसरी खोड. आपण गॅरेजला जाऊन दुखणं सांगत नाही, औषध सांगतो. "क्लच प्लेट टाकून दे." तो टाकतो. आवाज तसाच राहिला की भांडण. डॉक्टरकडे जाऊन 'मला अमुक इंजेक्शन द्या' असं कुणी म्हणतं का? (काही जण म्हणतात, तो भाग वेगळा.) कधी आवाज येतो, चढावर की गार इंजिनवर, किती दिवसांपासून, एवढंच सांगा आणि थांबा.

१ जुलै १९९८ ला आपला जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, गाड्यांना एमएच ३७ नंबर मिळाला, पण विश्वासाचं काम निघालं की आपण अजून अकोल्याची वाट धरतो. तिथं शोरूमला गाडी टाकली की निर्धास्त, असं पुष्कळांना वाटतं. तिथं कागद मिळतो, हे खरं. पण मोठ्या कंपन्यांचं काय झालं तेही ऐका. शमशेर कटारिया नावाच्या एका ग्राहकानं २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की काही मोटार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळूच देत नाहीत. सुरुवात तीन कंपन्यांपासून झाली, चौकशी पुढे आणखी अनेक कंपन्यांपर्यंत गेली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगानं त्यांतल्या चौदा कंपन्यांना एकूण २,५४४ कोटींवर दंड ठोठावला, सुटे भाग खुल्या बाजारात आणा म्हणून सांगितलं, आणि निव्वळ बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका असंही बजावलं. दंडाचं प्रकरण पुढे अपिलांत गेलं. मुद्दा एवढाच, की आपल्या गावातल्या मिस्तरीला पार्ट आणि माहिती न मिळणं हा नेहमी त्याचाच दोष नसतो. आणि चकचकीत काउंटर म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे.

आता मागणी. एकच आहे: गाडी खोलण्याआधी चिठ्ठी.

छापील जॉब कार्ड नको, वहीतलं पान चालेल. गाडीचा नंबर, किती किलोमीटर चालली, गाडीवाल्यानं त्याच्या शब्दांत सांगितलेलं दुखणं, अंदाजे खर्च. त्यात मजुरी वेगळी, पार्ट वेगळे, आणि पार्ट कंपनीचा की लोकल हे स्पष्ट. लोकल घालणं पाप नाही, लपवणं पाप आहे. खाली दोघांची सही आणि मोबाईलवर एक फोटो. "खोलल्याशिवाय समजत नाही" हे मिस्तरींचं म्हणणं मला मान्य आहे, अनेकदा ते शंभर टक्के खरं असतं. मग चिठ्ठीवर तेच लिहा आणि खोलून पाहायची मजुरी लिहा. आत जास्तीचं निघालं तर फोन करा, होकार आल्यावरच पुढं. काम झालं की जुना पार्ट आणि नव्याचा रिकामा डबा गाडीवाल्यापुढे ठेवा. डब्यावर छापील किंमत असते.

जुने पार्ट भंगारात विकून गॅरेजमधल्या पोरांचं चहापाणी निघतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून गाडीवाल्यांना विनंती, पार्ट बघा, हातात घेऊन काय झिजलं ते विचारा, आणि मग त्या पोरालाच देऊन टाका. आपल्याला लोखंड नको, डोळ्यांनी बघणं हवंय.

"बिल मागितलं तर जीएसटी लागेल" ही भीतीही काढून टाका. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या लहान गॅरेजला साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्यानं दिलेल्या साध्या बिलावर जीएसटी लागतच नाही. बिल न देणं मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं आहे. काम फसलं, ऐकून घेतलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. नाहीच जमलं तर दोन वर्षांच्या आत वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही. पण तिथं पहिला प्रश्न 'कागद कुठाय' हाच असतो. सिगारेटचं पाकीट चालत नाही.

मिस्तरींनो, चिठ्ठीनं तुमचंही रक्षण आहे. "मी असं सांगितलंच नव्हतं" म्हणत पैसे बुडवणारे, गाडी नेऊन सोयाबीन निघाल्यावर देतो म्हणणारे आणि मग दोन सोयाबीन होऊनही न फिरकणारे आमच्यातच आहेत. सही असली की त्यांना तोंड फिरवता येत नाही. आणखी एक. पोरगी स्कूटी घेऊन आली तर "पप्पाले पाठवा" म्हणू नका. चिठ्ठी तिच्याही हातात द्या, ती नीट वाचेल.

समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. कारंजा, शेलूबाजार, मालेगावहून आपण कच्च्या ब्रेकनिशी आणि 'अजून चालते' म्हटलेल्या टायरवर तिथं चढतो. या वेगात गैरसमजाला जागा नाही.

दसऱ्याला प्रत्येक गॅरेजात पान्यांची, जॅकची पूजा होते, झेंडूचे हार लागतात, आपण गाडी धुऊन तिथं पेढे घेऊन जातो. या दसऱ्याला सोबत एक शंभर पानी वही न्या आणि आपल्या मिस्तरीला द्या. पहिल्या पानावर स्वतःच्या गाडीची नोंद करून घ्या. ज्याला शक्य असेल त्यानं मजुरीच्या दरांची एक पाटीही रंगवून द्यावी. आणि त्या पाटीवरच्या दरात घासाघीस करू नये.

मला पुढच्या आठवड्यात मागचे ब्रेक दाखवायचे आहेत. वही आणली आहे. ज्याच्या दारावरून मान वळवत होतो, त्याच मिस्तरीकडे जाणार आहे. नेहमीच्या मिस्तरीचे ब्रेकच्या मजुरीतले दीडशे रुपये राहिलेत, तेही त्याच फेरीत देऊन टाकीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मंगरुळपीर