माकडताप आणि रक्तशुद्धीचे बिल

शिमग्याला सिंधुदुर्गात गेलेले कुटुंब कोलशेतला परत येते. चार-पाच दिवसांनी घरातल्या कर्त्या माणसाला थंडी वाजून ताप भरतो, डोके फुटायला येते, कंबर आणि पोटऱ्या धरतात. नाक्यावरचा डॉक्टर रक्त तपासतो. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, प्लेटलेट मात्र उतरलेल्या. ‘व्हायरल आहे’ म्हणून गोळ्या देऊन त्याला घरी पाठवले जाते. कोलशेत, बाळकुम, ढोकाळीच्या वस्त्यांत कोकणातून पोटासाठी आलेली माणसे काही थोडीथोडकी नाहीत. पण तू गावी काजूच्या बागेत गेला होतास काय, रानात माकड मेलेले पाहिले काय, हा प्रश्न त्यांना इथे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारला पाहिजे, कारण सिंधुदुर्गात माकडताप आहे. 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मेली, मागोमाग माणसे आजारी पडली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू संस्था) त्याचा विषाणू शोधून काढला. म्हणून या रोगाचे शास्त्रीय नाव क्यासनूर जंगल ज्वर. तो पसरतो गोचिडीच्या चाव्याने, विशेषतः तिच्या बारीक पिल्लांमुळे, आणि हंगाम डिसेंबर ते मे. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात त्याची साथ आली, 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात, 2017 मध्ये बांदा परिसरात. काजू वेचण्याचा हंगाम आणि गोचिडीचा हंगाम एकच आहे. बागेचा मालक झाडाखाली वाकून बी वेचत नाही. वाकते ती मजूर बाई.

बहुतेक रोगी बरे होतात. शंभरात तीन ते पाच दगावतात. ज्याची प्रकृती बिघडते त्याच्या हिरड्यांतून, नाकातून, आतड्यातून रक्त जाते, रक्तदाब कोसळतो. काहींना मधे बरे वाटून पुन्हा ताप येतो आणि तो मेंदूवर जातो. या विषाणूला मारणारे खात्रीचे औषध अजून नाही. कर्नाटकात 1990 पासून जी लस टोचली जात होती ती पुरेशी गुणकारी नाही म्हणून 2022 मध्ये बंद झाली. सलाईन, रक्तघटक, श्वासाला आधार आणि चोवीस तास लक्ष, एवढेच डॉक्टरच्या हाती असते. वेळेवर मिळाले तर एवढ्यानेच पुष्कळ माणसे वाचतात, हे विसरू नये.

आता अशा रोग्याच्या नातेवाइकांपुढे अतिदक्षता विभागाच्या दारात नवा शब्द येतो: रक्तशुद्धी. औषधाच्या दुकानात बाटलीत मिळते ती रक्तशुद्धी ही नव्हे. (आपल्या समाजाला ‘शुद्धी’ या शब्दाचा अनुभव काय आहे ते वेगळे सांगायला नको, पण इथे त्या शब्दाचा विटाळाशी काही संबंध नाही.) रोग्याचे रक्त नळीने यंत्रात घ्यायचे आणि परत अंगात सोडायचे, हे तिचे तत्त्व. मूत्रपिंड बंद पडले तर डायलिसिस. दुसरा प्रकार म्हणजे रक्तातला पिवळा द्रव, प्लाझ्मा, काढून टाकून रक्तदात्यांचा प्लाझ्मा भरायचा. तिसरा, रक्त एका गाळणीतून फिरवायचे, जी काही दाहकारक द्रव्ये शोषून घेते. यामागचा विचार असा की गंभीर रोगी नुसत्या विषाणूने मरत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने उठवलेल्या वणव्यातही तो होरपळतो. तो वणवा थोडा आवरला तर शरीराला सावरायला उसंत मिळेल.

विचार चुकीचा नाही. चीन आणि दक्षिण कोरियात गोचिडीपासूनच होणाऱ्या, प्लेटलेट घटवणाऱ्या एका दुसऱ्या तापात, आणि तुर्कस्तानात क्रिमियन-काँगो तापात डॉक्टरांनी प्लाझ्मा बदलून पाहिला आहे व काही रोगी वाचल्याचे नोंदवले आहे. पण त्यातले किती यंत्रामुळे वाचले आणि किती तसेही वाचले असते, हे सांगणारी मोठी तुलनात्मक चाचणी झालेली नाही. मूत्रपिंड बंद पडल्यावर डायलिसिस लागते, त्याबद्दल वाद नाही. बाकीच्या दोन प्रकारांना आज शेवटचा प्रयत्न म्हणता येईल, सिद्ध उपचार म्हणता येणार नाही.

आणि हा प्रयत्न कुणाच्या पैशाने? एका वेळच्या प्लाझ्मा बदलाला अडीच-तीन लिटर प्लाझ्मा लागतो, म्हणजे साधारण बारा ते पंधरा पिशव्या. आणि तो एकदाच करून भागतेच असे नाही. खाजगी दवाखान्यात मंगळसूत्र मोडले जाते ते अशाच रात्री. सही मागितली जाते इंग्रजी छापील कागदावर. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या समीरा कोहली खटल्यात सांगितले आहे की उपचाराचे स्वरूप, फायदा, धोका आणि दुसरा पर्याय रोग्याला समजेल असा सांगितल्याशिवाय संमती ही संमती नव्हे. म्हणून बांधवांनो, सही करण्याआधी मराठीत विचारा: हे सिद्ध झालेले आहे की प्रयोग आहे? किती वेळा करावे लागेल? केले नाही तर काय होईल? ते विचारल्याने डॉक्टर रागावला तर रागावू द्या.

पण ‘सिद्ध नाही, म्हणून गरिबाला नको’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. जो उपचार गृहसंकुलातल्या रोग्याला डॉक्टरला योग्य वाटतो, तोच चाळीतल्या रोग्याला केवळ पैशाअभावी नाकारला जात असेल तर तो वैद्यकीय निर्णय राहत नाही. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर 1992 मध्ये गाडीतून पडला. सरकारी दवाखान्यांनी खाटा नाहीत म्हणून त्याला दारोदार फिरवले. शेतमजुरांच्या संघटनेने लढलेल्या त्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे कलम 21 चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. महाराष्ट्रात तर धर्मादाय दवाखान्यांना विश्वस्त कायद्याच्या कलम 41 कक खाली दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, बिलाच्या दोन टक्के रक्कम त्या निधीत टाकावी लागते. सवलतीची जमीन आणि करमाफी घेताना ज्यांना धर्म आठवतो, त्यांना ही खाट दाखवताना हटकून विसर पडतो. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नाकारल्यास धर्मादाय आयुक्तांकडे जा.

दोडामार्गच्या रोग्याचे दुखणे आणखी वेगळे. त्याला जवळचे मोठे रुग्णालय म्हणजे गोव्याचे बांबोळी, आणि तिथे जानेवारी 2018 पासून गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागू झाले. राज्याची हद्द गोचिडीला नाही, रोग्याला आहे.

अशा वॉर्डात रक्ताने भरलेल्या पिशव्या, नळ्या, चादरी उचलतो कोण, हेही पाहिले पाहिजे. माकडताप माणसापासून माणसाला होत नाही. पण क्रिमियन-काँगो ताप रक्तातून पसरतो. जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत साणंदजवळच्या कोलाट गावातल्या रोगी महिलेमागोमाग तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर आणि परिचारिकाही गेली. 2020 मध्ये पालघर जिल्ह्यात त्याच तापाबाबत सावधगिरीचा इशारा निघाला होता. निदान होण्याआधीच यंत्राला जोडलेल्या रोग्याचा कचरा ठेकेदाराचा सफाई कामगार साध्या मोज्यांनी उचलतो. तो कोणत्या जातीचा असतो हे लिहिण्याची गरज आहे काय?

सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाजू भरपाईची. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अ भागात पहिलीच नोंद होती: संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून जडणारे संसर्गजन्य रोग. त्यात दवाखान्यातले काम होते, जनावरे हाताळण्याचे काम होते, आणि ‘असा धोका असलेले इतर काम’ असेही शब्द होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही व्यावसायिक रोगांची यादी तिसऱ्या अनुसूचीतच आहे. ब भागातल्या रोगांना सलग सहा महिने नोकरीची अट असते, अ भागाला ती नाही, म्हणजे हंगामी मजुरालाही दार बंद नाही. साथीच्या गावात हंगामभर काजू वेचणारी बाई ‘इतर काम’ या शब्दांत बसते असे माझे मत आहे आणि ते न्यायाधिकाऱ्यासमोर मांडून पाहिले पाहिजे. मालकाचा वकील म्हणेल की ही आमची मजूरच नव्हती, आणि ताप कसला होता कोण जाणे.

या दोन्ही गोष्टी कागदाने ठरतात. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच आले तर दाव्याचा पाया गेला. म्हणून रक्ताचा नमुना कोणत्या प्रयोगशाळेकडे, कोणत्या तारखेला पाठवला याची प्रत मागून घ्यावी आणि अहवाल येईपर्यंत पाठपुरावा करावा. हजेरीपट नसेल तर मजुरीची वही, मोबाईलवर आलेले पैसे, सोबत काम करणाऱ्यांची नावे रोगी आजारी पडल्याच्या आठवड्यातच लिहून ठेवावीत. काजूचा हंगाम संपला की मुकादम सापडत नाही.