एक लिटर कोणाच्या हंड्यातून?

आमच्या गल्लीतली सहावीची एक मुलगी परवा शाळेचा कागद घेऊन माझ्याकडे आली. मी दवाखान्यात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. त्यामुळे आरोग्य, स्वच्छता, पाणी असे काही शाळेतून आले की मुले माझ्याच दारात येतात. कागदावर वर नळाचे चित्र, त्यातून पडणारा थेंब, आणि खाली प्रश्न : 'आज तुम्ही एक लिटर पाणी कसे वाचवले?' पोरीने पेन्सिलीने उत्तर आधीच लिहून आणले होते. 'मी आज शाळेत पाणी प्यायले नाही.' तिला फक्त शुद्धलेखन तपासून हवे होते.

मी म्हटले, का गं, तहान लागत नाही? म्हणाली, "तशी पण मी पीत नाही, मावशी. शाळेच्या संडासाला आतून कडी नाही."

या एक लिटरचा उगम कुठे आहे ते आधी सांगते. 2019 च्या उन्हाळ्यात देशात पाण्याची ओरड झाली तेव्हा केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाने जलशक्ती अभियान काढले. त्याला जोडून शिक्षण खात्याने शाळांसाठी 'समग्र शिक्षा – जल सुरक्षा' हा कार्यक्रम आणला. त्याचे सूत्र असे : एका विद्यार्थ्याने एका दिवसात एक लिटर, एका वर्षात 365 लिटर आणि दहा वर्षांत 3650 लिटर पाणी वाचवायचे. पाणी खाते आणि शाळा खाते एकत्र आले, ही गोष्ट चांगलीच झाली. आपल्याकडे दोन खाती एका टेबलावर बसणे म्हणजे पावसाळ्यात कोरडे सरपण मिळण्यासारखे आहे. तेव्हापासून शपथा, चित्रकला स्पर्धा, घोषवाक्ये, प्रभातफेऱ्या चालू आहेत. मुलांना पाण्याची किंमत कळावी याला माझा विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा एक लिटर मोजताना कोणाचा हंडा समोर ठेवला, ते विचारा.

मुंबईचेच घ्या. महापालिकेच्या नियोजनात वर्षानुवर्षे हिशोब असा राहिला, की इमारतीत राहणाऱ्या माणसाला दिवसाला 135 लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला 45 लिटर. शहर तेच, पाणी त्याच भातसा-तानसा-वैतरण्याचे. खेड्यासाठी जलजीवन मिशनने माणशी 55 लिटर ठरवले, म्हणजे कागदावर तरी खेडे आपल्या वस्तीच्या पुढे गेले. संडासाची जुनी टाकी एका वेळी दहा-बारा लिटर सोडते. शॉवर दहा मिनिटे चालला तर शंभर लिटरच्या आसपास पाणी जाते. त्या घरातल्या मुलाला एक लिटर वाचवणे म्हणजे दात घासताना नळ बंद करणे. आपल्या मुलाला एक लिटर वाचवायचे तर ते पिण्यातून किंवा हात धुण्यातून वाचते, कारण दुसरीकडे पाणीच नाही. वर्गात दोघे एकाच बाकावर बसले, तरी शपथ दोघांना सारखी लागू पडत नाही.

आता दहा वर्षांचा हिशोबही करून बघा. पाण्याचा मोठा टँकर साधारण दहा हजार लिटरचा असतो. म्हणजे तीन मुलांनी पहिलीपासून दहावीपर्यंत रोज नेमाने वाचवले तेव्हा कुठे एक टँकर भरेल. जमिनीखालची मोठी जलवाहिनी फुटली की तेवढे पाणी बघता बघता गटारात जाते. देशातल्या वापराच्या पाण्यातला ऐंशी टक्क्यांहून मोठा हिस्सा शेतीच्या सिंचनाला लागतो, आणि आपल्या राज्यात उसाला पाट सोडून पाणी देण्याची सवय अजून मोडलेली नाही. हे सगळे सहावीच्या पुस्तकात बसते. गणिताच्या तासाला बसते. मग ते का शिकवत नाहीत? मुलांना फक्त स्वतःच्या नळाकडे बघायला शिकवले, की मुख्य वाहिनीकडे बघणारा कोणी उरत नाही.

पाण्याचा कागद आणि पाण्याची ओंजळ यांतले अंतर आपल्याला नवे नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी ओंजळ भरली ती 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब स्वतः तळ्यात उतरले तेव्हा, आणि हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडले. याच बाबासाहेबांकडे पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याबरोबर पाण्याचा कारभारही होता. त्यांच्या काळात, 1945 साली, केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. आजचा केंद्रीय जल आयोग त्याच आयोगाचा वारस आहे आणि तो जलशक्ती मंत्रालयाखाली चालतो. तेव्हा या मंत्रालयाच्या धड्यात आपण दोन गोष्टी घालायला सांगितल्या, तर परक्याच्या घरात बोलल्यासारखे काही होत नाही.

पहिली गोष्ट आरोग्याची. पाणी वाचवा याचा अर्थ कमी प्या असा कधीच नाही, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसाला दीड-दोन लिटर पाणी जायला हवे, उन्हाळ्यात आणखी जास्त. दवाखान्यात मी वर्षानुवर्षे बघत आले : शाळकरी मुली, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, ताप. आई म्हणायची, उष्णता झाली असेल. विचारत गेले की कळायचे, पोरगी सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत ना पाणी पिते ना लघवीला जाते. तुंबवून ठेवलेल्या लघवीत जंतू वाढतात. बद्धकोष्ठ, डोके दुखणे, वर्गात गुंगी येणे हेही त्यातूनच. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडते आहे, एवढी खूण प्रत्येक आईने मुलीला सांगून ठेवावी. मासिक पाळीच्या दिवसांत तर शाळेत पाणी नसणे म्हणजे घरी बसणे. तीच गोष्ट हात धुण्याची. संडासनंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायला जे पाणी लागते ते उधळपट्टीत मोजायचे नाही. ते वाचवले तर हगवणीच्या औषधात जाईल.

दुसरी गोष्ट मोजण्याची. मुलाने आधी घरात पाणी किती येते ते मोजावे, मग वाचवण्याचे बोलावे. किती हंडे, हंडा किती लिटरचा, माणसे किती, नळ किती वाजता येतो, पाणी भरायला कोण उठते. हा एक आठवड्याचा कागद शाळेने पाणी खात्याकडे पाठवला, तर दोन खात्यांच्या भागीदारीला काही अर्थ येईल.

आता थोडे आपल्याबद्दलही बोलते, राग मानू नका. आपल्याही वस्तीत पाणी वाया जाते. सार्वजनिक नळाची तोटी तुटलेली आणि पाण्याची वेळ संपेपर्यंत धार चालू, हे रोजचे चित्र आहे. तोटी तीस-चाळीस रुपयांची, पण ती कोणाची म्हणून कोणीच बसवत नाही. दुसरे म्हणजे 'शिळे पाणी'. सकाळी नळ आला की कालचा भरलेला हंडा मोरीत ओतून नवे भरायचे, ही आपल्या आयाबायांची जुनी खोड. पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. भांडे घासलेले असेल, वर झाकण असेल, आत हात न बुडवता दांड्याच्या ओगराळ्याने काढत असाल, तर कालचे पाणी आज खुशाल प्या. शंका असेल तर उकळा, किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. एवढे केले तर एक नव्हे, दहा-पंधरा लिटर वाचतील, आणि कोणाची तहान मारावी लागणार नाही.

पाणी साठवण्याचा मात्र एक धोका आहे आणि शाळेच्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. नळ बेभरवशाचा म्हणून आपण पिंपे भरून ठेवतो. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करा. अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात, तेव्हा नुसते ओतून भागत नाही, आतून काथ्याने घासावे लागते. ओतायचे पाणी गटारात नको. कपडे धुण्याचा आणि लादी पुसण्याचा दिवस तोच ठेवा. झाकण नसेल तर जुन्या सुती साडीचे फडके दोरीने घट्ट बांधा.

राहिला शाळेचा संडास. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे, की प्रत्येक शाळेत पिण्याचे सुरक्षित आणि पुरेसे पाणी आणि मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे हवीतच. 2 ऑक्टोबर 2020 पासून केंद्राने शाळा-अंगणवाड्यांना नळ देण्याची शंभर दिवसांची मोहीमही घेतली होती. तिचा क्रम मला पटला : आधी नळ, मग धडा. पण नळ आला म्हणजे पाणी आले असे नाही, आणि पाणी आले तरी दाराला कडी लागते. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. आपल्यातल्या किती जणी तिथे बसतात? सही करून परत येणाऱ्यांना मी मोजत नाही. आणि 'तुमची वस्ती अनधिकृत' असे कोणी पाण्याबद्दल ऐकवले, तर मुंबई हायकोर्टाचा 15 डिसेंबर 2014 चा निकाल सांगा. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर कोर्टाने म्हटले, की पाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि घर अनधिकृत म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही.

पोरीचे उत्तर आम्ही खोडरबराने पुसले. मग तिच्या घरी जाऊन हंडे मोजले. पंधरा लिटरचे बारा हंडे, माणसे पाच, म्हणजे माणशी 36 लिटर. भागाकार तिनेच केला आणि तोच कागदावर लिहिला. खाली जागा उरली होती, तिथे तिने आपल्या मनाने आणखी एक ओळ घातली : 'संडासाला कडी बसवली तर मी पाणी पिईन.' समितीची बैठक येत्या शनिवारी आहे. तिची आई आधी नको म्हणत होती, आता जायला तयार झाली आहे. कागदाची झेरॉक्स मी काढून ठेवली आहे.