पहिलें गिऱ्हाईक

परीक्षा संपून निकालांचे दिवस आले म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो, मुलास पुढें काम कोठें मिळणार? वैद्यकीच्या किंवा यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यास या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ अंशीं गुणपत्रिका दाखवून देतां येतें. चित्रकला, शिल्प, विणकाम, छपाईची मांडणी व वस्तूंचें डिझाइन शिकणाऱ्यांस तें तसें देतां येत नाहीं. त्यांची खरी परीक्षा शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनांत होते, आणि तेथें शिक्षकांच्या जोडीस गिऱ्हाईक हाहि एक परीक्षक असतो. हा दुसरा परीक्षक आमच्याकडे बहुधा गैरहजर राहतो, ही गोष्ट आज आम्हांस आमच्या व्यापारी वाचकांपुढें स्पष्टपणें मांडावयाची आहे.

इंग्लंडांत उन्हाळा लागला कीं कलाशाळांचीं दारें लोकांस खुलीं होतात. बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचें काम मांडलें जातें, आणि दुकानदार, कारखानदार, प्रकाशक व हौशी संग्राहक तें पाहावयास जातात. १९८५ सालीं लंडन येथें सुरू झालेल्या ‘न्यू डिझायनर्स’ या प्रदर्शनांत तर देशभरच्या शाळांतील नवे पदवीधर हजारोंनीं एकत्र आलेले आहेत. या रिवाजापासून काय निष्पन्न होतें, हें समजण्यास दोन उदाहरणें पुरेत. १९८४ सालीं सेंट मार्टिन्स या शाळेंतून जॉन गॅलिआनो हा विद्यार्थी बाहेर पडला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळावरून त्यानें कपड्यांचा एक संच केला होता. ‘ब्राउन्स’ या दुकानाच्या मालकीण जोन बर्स्टीन यांनीं तो सगळाच्या सगळा विकत घेतला व आपल्या दुकानाच्या दर्शनी खिडकींत मांडला. पुढें १९९२ सालीं त्याच शाळेच्या अलेक्झांडर मॅक्वीन याचा पदवीचा संच इझाबेला ब्लो या बाईंनीं पांच हजार पौंडांस घेतला, आणि ती रक्कम दर आठवड्यास शंभर पौंड याप्रमाणें हप्त्यांनीं फेडली. हे दोघेहि तरुण पुढें एकामागून एक पॅरिसच्या जिव्हाँशी पेढीचे मुख्य डिझाइनर झाले. यांतील पहिल्या बाईंनीं आपला व्यापार साधला, आणि दुसऱ्यांनीं हप्ते बांधूनहि कलेस हात देतां येतो हें दाखविलें. कुबेराची तिजोरी यांस लागत नाहीं.

‘हें लंडनचें झालें, आमच्याकडे ती चाल कोठें?’ असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, मुंबईची कलाशाळा हीच मुळीं एका व्यापाऱ्याच्या देणगीचें फळ आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं त्यासाठीं एक लाख रुपये देऊं केले, आणि १८५७ सालीं ती शाळा उघडली. पुढें १९४७ च्या सुमारास सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे हे चित्रकार व शिल्पकार प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या नांवानें एकत्र आले. त्या अनोळखी काळांत त्यांस आधार देणाऱ्यांत लँगहॅमर, फॉन लायडन व श्लेझिंगर हे युरोपांतून मुंबईस येऊन राहिलेले गृहस्थ अग्रभागीं होते. आणि चौकटी बनविण्याचा धंदा करणारे केकू गांधी यांनीं आपल्या दुकानांत नव्या चित्रांस जागा दिली. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालीं उघडली. त्यापूर्वीं हें कार्य एका चौकटीच्या दुकानानें केलें, हें दुकानदारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

‘आम्हांस कलेंतलें काय कळतें?’ ही सबब आम्ही नेहमीं ऐकतों. जो गृहस्थ अंगठा व बोट यांमध्यें कापड चोळून सूत ओळखतो आणि मूठभर धान्य हातांत घेऊन त्याची प्रत सांगतो, त्यास नजर नाहीं हें आम्ही कसें मानावें? शिवाय ज्या चिन्हानें तो रोज आपली किंमत लिहितो, तें रुपयाचें चिन्हहि मुंबईच्या आय. आय. टी.च्या औद्योगिक डिझाइन केंद्रांत संशोधन केलेल्या उदयकुमार धर्मलिंगम् या तरुणानें रेखाटलें, व सरकारनें तें २०१० सालीं स्वीकारलें. तेव्हां डिझाइन हें श्रीमंतांच्या दिवाणखान्याचें लेणें आहे, हा समज सोडून द्यावा.

याहून वाईट अशी एक खोड आहे. कांहीं लोक प्रदर्शनास जातात, विद्यार्थ्याची पाठ थोपटतात, मोबाइलवर छायाचित्र काढतात, आणि महिन्याभरानें तीच नक्षी त्यांच्या खोक्यावर छापलेली दिसते. दुसरे कांहीं पैशांऐवजीं ‘तुझें नांव होईल’ असें आश्वासन देतात. पहिल्यास चोरी म्हणतात आणि दुसऱ्यास वेठ. १९५७ च्या कायद्याप्रमाणें चित्राचा कॉपीराइट चित्र निर्माण होतांच उत्पन्न होतो, त्यास नोंदणीची अट नाहीं. आणि चित्र विकत घेतलें एवढ्यावरून तें कॅलेंडरावर छापण्याचा हक्क मिळत नाहीं. वस्तूच्या आकाराची गोष्ट निराळी. २००० च्या डिझाइन कायद्याखालीं नोंदणी हवी असेल, तर सामान्यतः वस्तु लोकांपुढें मांडण्यापूर्वींच अर्ज करावा लागतो. प्रदर्शनांसाठीं असलेली सवलत सरकारनें जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे, आणि तीहि आगाऊ सूचना दिली तरच मिळते. ही गोष्ट विद्यार्थ्यांस प्रदर्शनाच्या दिवशीं कळून काय उपयोग? शाळांनीं ती सहा महिने आधीं शिकवावी.

तेव्हां आमची सूचना अगदीं साधी आहे. शाळांनीं प्रदर्शन सायंकाळीं व रविवारीं उघडें ठेवावें, कारण दुकानदारास सवड तेव्हांच असते. आणि प्रत्येक वस्तूजवळ किंमत लिहावी, म्हणजे संकोचानें कोणी परत फिरणार नाहीं. विद्यार्थ्यांनींहि केवळ शाळेवर विसंबूं नये. १९८८ च्या उन्हाळ्यांत लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजांतील डेमियन हर्स्ट व त्याच्या सोबत्यांनीं गोदीवरील एका रिकाम्या इमारतींत आपलें प्रदर्शन आपणच भरविलें. आमच्या बाजारपेठांत रिकामे गाळे थोडे नाहींत. व्यापारी मंडळांनीं वर्षांतून एक दिवस आपल्या सभासदांस घेऊन असें प्रदर्शन पाहावें, व प्रत्येकानें एक तरी काम, मग ती दुकानाची पाटी असो, मिठाईचें खोकें असो, कीं लग्नांत आहेर म्हणून द्यावयाचें चित्र असो, एखाद्या नव्या पदवीधरास द्यावें. अटी कागदावर लिहाव्या, अर्धे पैसे आगाऊ द्यावे, आणि काम करणाऱ्याचें नांव त्यावर घालावें. उद्यां भाव चढेल म्हणून एकाच मुलाचीं दहा चित्रें कोंडून ठेवूं नयेत. त्यापेक्षां दहा मुलांचें एकेक घ्यावें.

सकाळची भवानी झाल्यावांचून दुकानदारास चैन पडत नाहीं, आणि पहिलें गिऱ्हाईक रिकाम्या हातीं गेलें तर त्याचा सारा दिवस उदास जातो. पांच वर्षें एखादी विद्या शिकून प्रदर्शनांत आपल्या कामाशेजारीं उभ्या असलेल्या मुलाची व मुलीची स्थिति याहून निराळी नसते. त्यांतील कित्येक जण पहिलें गिऱ्हाईक न मिळाल्यामुळेंच ती विद्या सोडून भलत्याच चाकरीस लागतात. भवानीचें मोल ज्यांस दररोज कळतें, त्यांनींच या मुलांची भवानी करावी, असें आमचें त्यांस आग्रहाचें सांगणें आहे.