टाकाऊतून टिकाऊ, की उलटं?

रात्रीचे सव्वानऊ. कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि मोबाइल वाजला. चौथीच्या पालकांचा ग्रुप. ‘उद्या सर्व मुलांनी टाकाऊतून टिकाऊ आकाशकंदील करून आणावा. त्यासाठी ग्लिटर शीट दोन, फोम शीट एक, सोनेरी लेस व टिकल्यांचे पाकीट वापरावे. सजावटीस दहा गुण.’

मी दोनदा वाचलं. टाकाऊतून टिकाऊ करायचं, आणि त्यासाठी विकत आणायच्या वस्तू चार! लेक शांतपणे म्हणाली, “आई, दुकान दहाला बंद होतं.” तिचं बरोबर होतं. तिला व्यवहार कळतो.

मग काय, स्कूटर काढली. दुकानात माझ्यासारख्याच पाच-सहा जणी. एक तर ऑफिसमधून थेट आलेली, गळ्यात ओळखपत्र तसंच. दुकानदारानं काही विचारलंच नाही, फक्त “कितवी?” म्हणाला आणि पिशवी पुढे केली. त्याच्याकडे इयत्तेप्रमाणे ‘टाकाऊ’च्या पिशव्या तयार होत्या. रात्री साडेअकराला कंदील उभा राहिला. आतलं अंग आठवडाभराच्या वर्तमानपत्रांचं आणि एका कुरिअरच्या खोक्याचं, बाहेर सगळी झगमग. सासूबाई चष्मा वर करून म्हणाल्या, “छान झालाय गं. पण यात टाकाऊ काय होतं, तूच तेवढी!”

हसलो आम्ही. पण खरी गंमत दिवाळी झाल्यावर कळली.

शाळेतून कंदील परत आला, चार दिवस खिडकीत लटकला, भाऊबीजेनंतर एका कोपऱ्याची लेस सुटली. मी तो सुक्या कचऱ्यात ठेवला. मनात समाधान, की चला, कागद-पुठ्ठाच आहे, मावशींना चार पैसे मिळतील. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला ज्या मावशी येतात, त्या सुका कचरा दारातच निवडतात. त्यांनी कंदील उचलला, उलटसुलट केला, नखानं चमकी खरवडून पाहिली आणि ओल्या-सुक्या दोन्हींत न घालता तिसऱ्याच पोत्यात टाकला.

“का हो मावशी? पुठ्ठा आहे की.”

“पुठ्ठा व्हता, ताई. आता न्हाई. याला फोम चिकटवला, चमकी लावली. भंगारवाला घेत न्हाई, वजनातून कापतो. दिवाळीत असलं लई येतं.” आणि मग, तक्रार म्हणून नव्हे, सहज म्हणाल्या, “तुमची पेपरची रद्दी यंदा कमीच आली म्हनायची.”

तो आठवडाभराचा पेपर आणि ते खोकं मी तसंच दिलं असतं, तर त्यांच्या तराजूत पडलं असतं. मी त्यावर दोन तास खपले, पैसे घातले आणि विकला जाणारा माल न विकला जाणारा करून त्यांच्या हातात ठेवला. वर दहापैकी नऊ गुण! (एक गुण का गेला, ते कळलं नाही.)

मैत्रिणींनो, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. कारण हा एकट्या माझ्या घरचा घोटाळा नाही. घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत घराघरात, शाळेत, ऑफिसात ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’चा हंगाम असतो. तोरणं, रांगोळीचे साचे, पणत्यांची तबकं, कंदील. हेतू चांगलाच असतो. पण त्यात कचरा कमी होतो का, हे कुणी मोजत नाही.

थोडं मागे जाऊ. शाळांत पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे. १९९१ मध्ये पहिला निकाल, आणि पुरेसं काही होत नाही म्हणून २००३ मध्ये पुन्हा कानउघाडणी. विषय आला, तसे गुण आले, गुण आले तसे प्रोजेक्ट आले. प्रोजेक्ट मुलाला दिला जातो, पण पोचतो आईला. हातानं काम करत शिकण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तिच्यात सूत कातता कातता गणित शिकायचं होतं. आमच्या वेळी कार्यानुभवाचा तास असे. त्या तासाला केलेलं पाकीट किंवा पुस्तकाचं कव्हर वाकडंतिकडं असायचं, पण ते आमचं असायचं. आता शाळेच्या काचेच्या कपाटात जे ठेवायचं, ते वाकडं कसं चालेल?

दुसरा धागा कायद्याचा. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या वेळी पाच हजार दंड, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. त्या वर्षी गणपतीपुरती सवलत द्या म्हणून थर्माकोलची मखरं करणारे कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैत नाही म्हटलं. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत सजावटीचा थर्माकोल आहे, कानकोरणीच्या, फुग्याच्या, आइस्क्रीमच्या प्लास्टिक काड्या आहेत. इतकंच काय, मिठाईच्या खोक्यावरचं आणि निमंत्रणपत्रिकेवरचं पातळ वेष्टनसुद्धा आहे. या दिवाळीत घरात आलेले बॉक्स जरा आठवून बघा!

पण त्या यादीत फोम शीटचं नाव नाही. चमकीच्या कागदाचं नाही. प्लास्टिकच्या फुलांचंही नाही. थर्माकोल गेला आणि त्याच दुकानात, त्याच खुंटीला फोमचे रंगीत तक्ते लागले. फोम म्हणजे प्लास्टिकच. हाताला मऊ लागतो म्हणून आपल्याला तो कापडाच्या जातीचा वाटतो, इतकंच. चमकी म्हणजे प्लास्टिकचा धातूचा मुलामा दिलेला भुगा. युरोपीय महासंघानं ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री बंद केली. आपल्याकडे ती पहिलीच्या मुलांच्या कंपासपेटीत आहे. प्लास्टिकच्या फुलांचा प्रश्न मात्र विधानसभेपर्यंत पोचला. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात त्यावर बंदीची मागणी झाली, कारण तिथे झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं पोट होतं. कागदाच्या मागेही कुणाचं तरी पोट आहे, पण त्या बाया काही अधिवेशनात बोलत नाहीत.

त्यांचं गणित सांगते. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून आहे. तिच्यातूनच २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. घरटी मिळणारं सेवाशुल्क ही एक मिळकत, आणि सुक्या कचऱ्यातला विकण्याजोगा माल ही दुसरी. म्हणजे आपण कोरडा, स्वच्छ, न चिकटवलेला कागद देतो, तेव्हा तो उपकार नसतो, तो त्यांच्या पगाराचा भाग असतो.

कागदाचं पुढे काय होतं? गिरणीत तो पाण्यात घुसळून त्याचा लगदा करतात. कागदाचे तंतू सुटतात, प्लास्टिकचे सुटत नाहीत. ते चाळून, काढून टाकावं लागतं, आणि जितकं जास्त काढावं लागतं तितका त्या मालाचा भाव पडतो. कणकेची किंवा मैद्याची खळ मात्र पाण्यात विरघळून जाते. आमची आजी खळ करायची. अर्धी वाटी कणीक थंड पाण्यात कालवायची आणि मंद आचेवर चमकदार होईपर्यंत ढवळायची. पुस्तकं बांधणारे दप्तरी तीत किडीसाठी मोरचूद घालत. आपण नाही घालायचा, विषारी असतो तो. मुलं बोटं चाटतात.

तर माझं आजवरचं मत मी फिरवलंय. आपण उलट्याच वस्तू निवडतो. वर्तमानपत्र, वह्या, साधी खोकी यांना बाजार आहे, त्यांना आपली कला नको. ज्या वस्तूला भंगारात काहीच किंमत नाही, तिला कला हवी. सोनेरी छपाईच्या जाड लग्नपत्रिका, आतून चकचकीत असलेले मिठाईचे खोके, फळांच्या रसाचे थराथरांचे डबे, विरलेल्या साड्यांचे काठ, फुटक्या बांगड्या. गेल्या वर्षी मी दोन जुन्या नारायणपेठींच्या काठांचं तोरण शिवलं. त्याला पत्रिकांचे गणपती कापून टाचले, चिकटवले नाहीत. काढून, झटकून पुन्हा ट्रंकेत गेलं. कागद आहे की प्लास्टिक, कळत नसेल तर चुरगाळा. मुठीतून सोडल्यावर चोळामोळा तसाच राहिला तर बहुतेक कागद, फुलून परत सरळ झाला तर प्लास्टिक. दुकानाच्या गुळगुळीत पावत्या मात्र मुलांच्या हातात देऊ नका, त्या कागदावर रसायनाचा लेप असतो.

कुणी म्हणेल, अगं, चार दिवसांचा सण, मुलांची हौस, कशाला एवढा काथ्याकूट? खरंय. एका कंदिलानं पृथ्वी बुडत नाही. पण हौस कुणाची, हा प्रश्न उरतोच. त्या रात्री लेक दहा वाजता झोपली होती. कंदील मी केला होता.

माझ्या लहानपणी वडील आणि आम्ही भावंडं मिळून कंदील करायचो. कामट्या, सुतळी, पतंगाचा कागद, खाली झिरमिळ्या. कामट्यांचे चौकोन बांधताना बोटात कूस जायची. एकदा चौकट बांधली की चार-पाच वर्षं तीच, दर वर्षी फक्त कागद नवा. खरा पुनर्वापर तो होता, आणि त्याला काही नाव नव्हतं. आत चाळीसचा बल्ब असायचा, त्याच्या उष्णतेनं कागद पिवळा पडायचा आणि आई दर दहा मिनिटांनी हात लावून बघायची. आता एलईडी दिवा तितका तापत नाही, म्हणजे कागदाचा कंदील पूर्वीपेक्षा निर्धोक झालाय. आणि नेमक्या याच काळात आपण प्लास्टिकच्या घडीच्या कंदिलांकडे वळलो! मुंबईत माहीमला कंदील गल्ली आहे. तिथे दिवाळीच्या आधी गेलात तर कामट्यांचे कंदील अजून दिसतात.

किल्ल्याचंही तेच. दगड, माती, जुनं गोणपाट, वर पेरलेले हळीव. पाडव्यापर्यंत हिरवं व्हायचं, मग पावसात पुन्हा मातीच. आता प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला मिळतो. तो मातीत जात नाही आणि भंगारवालाही घेत नाही.

शाळेत मी हे बोलले. पालकसभेत, जरा भीतभीतच, कारण ‘ती तक्रार करणारी आई’ व्हायला कुणाला आवडतं? बाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, मलाही पटतं. पण प्रदर्शनात साधा कंदील ठेवला की पालकच विचारतात, आमच्या मुलाचा एवढा फिका का?” मागच्या बाकावरच्या दोन आया खाली बघायला लागल्या. मीही बघितलं असतं, मागच्या वर्षी. तेव्हा सगळं खापर बाईंवर फोडण्यात अर्थ नाही. चमकी आम्हीच मागितली होती.

मी त्यांना एक सुचवलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलेत, सुतार, माळी, कुंभार अशांकडे जाऊन काम बघायला, करायला. त्यातला एक दिवस मोठ्या मुलांना कचरा निवडण्याच्या शेडवर न्या. काय विकलं जातं आणि काय जात नाही, हे मावशींपेक्षा चांगलं कोण शिकवणार? बाईंनी वहीत लिहून घेतलं. अजून काही ठरलेलं नाही. सुरक्षेचं काय, परवानगी कुणाची, बस कुठली, असं सुरू आहे.

घरी मात्र यंदा लेकीनं कामट्या आणायला लावल्या. चौकट तिनं बांधली, एका बाजूला झुकलेली. कागदाला खळ लावली, ती हाताला, ओट्याला आणि मांजरालाही लागली. गुणांसाठी शाळेत काय नेणार, विचारलं तर म्हणाली, “हाच.” मी म्हटलं, चमकी नाही, गुण जातील. तिनं खांदे उडवले आणि झिरमिळ्या कापायला घेतल्या. सासूबाई शेजारी बसून तिला सांगत होत्या, अगं, कात्री अशी नाही, अशी धर.

मावशी त्या दिवशी सकाळी आल्या, तेव्हा दाराशी पेपरचा गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवला होता. त्यांनी वर लटकलेल्या वाकड्या कंदिलाकडे पाहिलं आणि विचारलं, “यातली कामटी काढून ठेवणार न्हवं?”

“ठेवणार. पुढच्या वर्षीला.”

“मंग बास,” म्हणाल्या, आणि गठ्ठा उचलून तराजूला न लावताच अंदाज घेतला. “चार किलो हाय.”